अकरणाचा दोष

"आम्ही तर काहीच केले नाही," हे वाक्य मनुष्याच्या तोंडी दोन प्रसंगी येते. आरोप सर्वस्वी खोटा असतो तेव्हा, आणि आरोप सर्वस्वी खरा असतो तेव्हाही. पहिल्या प्रसंगी ते निरपराध्याचे उत्तर असते. दुसऱ्या प्रसंगी तीच त्याची कबुली असते. शब्द तेच, स्वरही बहुधा तोच, आणि आपण कोणत्या अर्थाने बोललो हे बोलणाऱ्यासही पुष्कळदा उमगत नाही. हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथांतून आला नाही. ज्या समितीच्या बैठकीत हे वाक्य उच्चारले गेले तिचे आम्हीही एक सभासद होतो, आणि ते ऐकून ज्यांनी मान डोलावली त्यांत आमचीही मान होती. म्हणून पुढील विवेचन दुसऱ्यास उपदेश करण्याकरिता नसून स्वतःचा हिशेब तपासण्याकरिता आहे, असे वाचकांनी समजावे.

हकीकत लहानशी आहे. गरजू विद्यार्थ्यांस शिक्षणासाठी साहाय्य देणारी आमची एक जुनी संस्था आहे. पूर्वी अर्ज कागदावर येत, ते कार्यवाहांच्या घरच्या लाकडी पेटीत राहत आणि पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. काही वर्षांपूर्वी, काळाबरोबर चालावे म्हणून, संस्थेने स्वतःचे संकेतस्थळ केले. एका सभासदाच्या भाच्याने ते पंधरा दिवसांत, एक पैसाही न घेता, मोठ्या हौसेने उभे करून दिले आणि तो नोकरीसाठी परगावी निघून गेला. तेव्हापासून अर्ज त्या संकेतस्थळावर येऊ लागले. मुलाचे नाव, गुण, पालकांचे उत्पन्न, बँकेच्या खात्याचा क्रमांक, दूरध्वनीचा क्रमांक असे सर्व काही त्यांत असे. श्रम वाचले, टपालखर्च वाचला आणि वार्षिक अहवालात आम्ही त्याचा अभिमानाने उल्लेखही केला.

गेल्या पावसाळ्यात एका विधवा मातेस दूरध्वनी आला. तिच्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली असून केवळ कागदपत्रांचे शुल्क भरावयाचे बाकी आहे, असे पलीकडील मनुष्याने सांगितले. मुलीचे पूर्ण नाव, तिची शाळा, गेल्या परीक्षेतील गुण, बँकेच्या खात्याचे शेवटचे चार आकडे, सारे त्याने बिनचूक म्हणून दाखविले. तिने विश्वास ठेवला आणि साडेसहा हजार रुपये पाठविले. असे दूरध्वनी आणखी काही घरांतही गेले होते. चौकशी केल्यावर कळले की, संकेतस्थळावर अर्ज घेण्यासाठी जो तयार भाग जोडलेला होता त्यात एक फट होती; तिच्यातून कोणाही परक्यास सर्व अर्ज वाचता येत होते. ती फट बुजविणारी दुरुस्ती त्या भागाच्या रचनाकारांनी आठ महिन्यांपूर्वीच प्रसिद्ध केली होती. आमच्या संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाच्या पानावर एका लहानशा वर्तुळात चौदा हा आकडा दिसत होता. चौदा गोष्टी दुरुस्तीची वाट पाहत आहेत, असा त्याचा अर्थ. तो आकडा पाहण्यासाठी आठ महिन्यांत कोणीही तेथे गेले नव्हते.

बैठकीत कोषाध्यक्ष म्हणाले, "आपण तर काहीच केले नाही. चोरी चोराने केली, चूक त्या वस्तू बनविणाऱ्याची. आपला दोष कसला?" आम्हांस ते पटले. परंतु दुसऱ्या दिवशी ती माता स्वतः आली. तिने पैसे मागितले नाहीत, आवाज चढविला नाही. ती एवढेच म्हणाली, "काका, ही माहिती मी तुम्हांला दिली होती. त्याला ती कोणी दिली?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तेव्हापासून कोषाध्यक्षांचे वाक्य आम्हांस पूर्वीसारखे पटेनासे झाले.

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. आज जगातील बहुसंख्य लहान संस्थांची संकेतस्थळे कोणी मुळापासून रचीत नाही. वर्डप्रेस नावाची जी रचना २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल ह्या दोघांनी एका जुन्या, बंद पडत चाललेल्या रचनेच्या आधारे सुरू केली, तिच्यावर आज जगातील संकेतस्थळांपैकी दर पाचांत दोन उभी आहेत. ही रचना विनामूल्य आहे आणि तिला जोडता येतील असे तयार भागही विनामूल्य मिळतात. त्यांनाच प्लगइन म्हणतात. अर्ज घेणारे प्लगइन वेगळे, चित्रे फिरविणारे वेगळे, देणगी स्वीकारणारे वेगळे. अधिकृत भांडारात असे पन्नास हजारांहून अधिक प्लगइन आहेत. एखादे बसविण्यास बटण दाबण्याइतकाच वेळ लागतो. त्यांचे कर्ते जगभर विखुरलेले. कोणी मोठी कंपनी, कोणी रात्री घरी बसून काम करणारा एकटा तरुण. ज्याने आपल्या घराची खिडकी बसविली त्याचे तोंडही न पाहिलेले असावे आणि अशा वीस खिडक्या घराला असाव्यात, तशी ही स्थिती आहे.

त्यातही उसनवारी एका पायरीवर थांबत नाही. २०२० च्या सप्टेंबरात फायलींची व्यवस्था पाहणाऱ्या एका प्लगइनमध्ये भयंकर फट सापडली. सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते बसविलेले होते. दोष कोठून आला? त्या प्लगइनच्या कर्त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी तयार सामग्री आत घेतली होती; तीत केवळ नमुन्यादाखल ठेवलेली एक फाइल होती, आणि तिचे नाव बदलल्यामुळे ती जिवंत होऊन बाहेरच्या कोणाच्याही आज्ञा पाळू लागली. त्यापूर्वी २०१४ साली चित्रे सरकविणाऱ्या एका लोकप्रिय प्लगइनमध्ये फट निघाली तेव्हा तर अनेकांस ते प्लगइन आपल्या घरात आहे हेच ठाऊक नव्हते, कारण सजावटीच्या तयार संचाबरोबर ते आपोआप आले होते. घरात काय आहे ह्याची यादीच नसेल तर काय तपासावयाचे, हा प्रश्नही उद्भवत नाही.

आता ह्या व्यवहारातील सर्वांत चमत्कारिक गोष्ट पाहा. फट सापडली की प्रामाणिक कर्ता तिची दुरुस्ती प्रसिद्ध करतो. परंतु दुरुस्ती प्रसिद्ध करणे म्हणजे फट कोठे होती हे जगास सांगणेच होय. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली की जाणकारास भिंतीतील नेमका दगड कळतो. मग भामट्यांची यंत्रे, ज्यांनी तो दगड अद्याप बदलला नाही अशांचा शोध घेत रात्रंदिवस फिरतात. "आमच्यासारख्या लहान संस्थेत चोरण्यासारखे आहे तरी काय?" हे समाधान येथे कामास येत नाही. ती यंत्रे घर पाहून चोरी करीत नाहीत. ती केवळ दार ढकलून पाहतात. अर्थात, ज्या दिवशी औषध बाजारात आले त्याच दिवशी रोगही अधिक पसरू लागतो. ह्याचा नैतिक परिणाम फार मोठा आहे. सोमवारी जे स्वस्थ बसणे निर्दोष होते, तेच स्वस्थ बसणे दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर गुरुवारी सदोष होते. आपण जागचे हललो नाही. आपल्या न हलण्याचा अर्थ मात्र बदलला.

हा अर्थ केवढा बदलू शकतो ह्याचे एक उदाहरण जगास ठाऊक आहे. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवते. तिने वापरलेल्या अपाचे स्ट्रट्स नावाच्या तयार सामग्रीत एक फट होती. तिची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. ९ मार्च रोजी कंपनीत अंतर्गत पत्र फिरले की, ही सामग्री जेथे असेल तेथे अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती करावी. पुढील आठवड्यात यंत्राकरवी शोधही घेण्यात आला. त्याला ती सदोष जागा दिसली नाही. मेच्या मध्यास घुसखोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. आतबाहेर जाणाऱ्या माहितीवर पाहरा ठेवणारे एक साधन होते. परंतु त्याचे प्रमाणपत्र एकोणीस महिन्यांपूर्वी मुदत संपून निरुपयोगी झाले होते. सप्टेंबरात कंपनीने ही गोष्ट जाहीर केली, तेव्हा सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची खासगी माहिती गेलेली होती. आज्ञा निघाली होती, पत्र पोहोचले होते, यंत्र फिरविले होते. तरीही काम झाले नाही, कारण ते अमुक एका माणसाचे काम आहे असे निश्चित नव्हते. ज्यांची माहिती गेली त्यांपैकी पुष्कळांनी त्या कंपनीचे नावही कधी घेतले नसेल. येथेही असे म्हणता आले असते की, आम्ही काहीच केले नाही.

आपल्या परंपरेने कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे भेद केले आहेत. त्यांत नित्यकर्माचे स्वरूप मोठे मार्मिक आहे. काम्यकर्म केले तर इच्छित फळ मिळते. नित्यकर्माचे तसे नाही. ते केल्याने काही विशेष प्राप्त होत नाही, परंतु न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो, असा एक प्रबळ पक्ष आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या गृहिणीचा कोणी सत्कार करीत नाही. न लावला तर मात्र घरात चुकल्यासारखे होते. संकेतस्थळाच्या प्लगइनची तपासणी करणे हे आम्हांस अगदी ह्याच जातीचे कर्म वाटते. ते केले म्हणून संस्थेची कीर्ती वाढत नाही, देणगी येत नाही, अहवालात ओळ पडत नाही. उलट फार नेटाने केले तर, हा उगाच काहीतरी करीत बसतो, असेच लोक म्हणतात. त्याचे सारे मोल ते न केल्यावरच कळते.

परंतु येथे एक जुनी आणि बिकट शंका आहे. न करणे म्हणजे अभाव. अभावापासून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न कशी होईल? नसलेल्या मातीचा घडा होत नाही, तसे न केलेल्या कर्मातून पाप कसे होईल? आमचे कोषाध्यक्ष नकळत ह्याच पूर्वपक्षाचा आश्रय करीत होते. ही शंका क्षुल्लक नाही. स्वतः शंकराचार्यांनी गीतेवरील आणि तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यांत हा मुद्दा मांडला आहे. अकरण हे प्रत्यवायाचे कारण होऊ शकत नाही, असे ते म्हणतात, आणि तैत्तिरीय भाष्यात पुढे असे सुचवितात की, विहित कर्म न करणे हे पूर्वी साचलेल्या दोषाचे कारण नसून लक्षण आहे. आचार्यांचा तेथील हेतू निराळा आहे. तो विचार मोक्षाच्या संदर्भातील आहे आणि आम्ही त्याचा अधिकार सांगत नाही. परंतु कारण आणि लक्षण ह्यांतील हा विवेक आमच्या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकतो, असे आम्हांस वाटते.

दुरुस्ती न बसविणे हे आमच्या हातून झालेल्या दोषाचे लक्षण होते. मूळ दोष त्यापूर्वीचा होता, आणि तो अभावरूप नव्हता. तो एक केलेली गोष्ट होती. आम्ही लोकांकडे त्यांची माहिती मागितली. ती घेण्याचे साधन आयते मिळते म्हणून घेतले. ते बसविणारा भाचा निघून गेल्यावर त्याची देखरेख कोणी करावी हे आम्ही ठरविले नाही. लाकडी पेटीला किल्ली होती आणि किल्लीला माणूस होता. संकेतस्थळाला दार होते, परंतु दाराला माणूस नव्हता. आम्ही काहीच केले नाही हे मुळातच खरे नव्हते. आम्ही घेतले होते. ज्याने काही घेतलेच नाही त्याचे स्वस्थ बसणे आणि ज्याने दुसऱ्याची ठेव घेतली त्याचे स्वस्थ बसणे, ही दिसावयास सारखी असली तरी एक नव्हेत. वाटसरूने उघडे दार पाहून पुढे जाणे निराळे आणि त्याच घरच्या राखणदाराने ते पाहून पुढे जाणे निराळे.

आपल्या देशात २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत केला, त्यातही हाच विचार दिसतो. लोकांची माहिती गोळा करणाऱ्यास त्या कायद्याने मालक म्हटलेले नाही. त्याला दिलेल्या नावाचा अर्थ विश्वस्त असा होतो. वाजवी संरक्षणाची योजना न केल्यास दोनशे पन्नास कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दंडाचा आकडा मोठमोठ्या कंपन्यांकडे पाहून ठरविलेला असावा; आमचे मन त्या शब्दापाशीच थांबते. देवस्थानांच्या आणि धर्मादाय निधींच्या कारभारात वाढलेल्या आपल्या लोकांस विश्वस्त ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. देवाच्या दागिन्यांचा ताबा देताना आपण यादी वाचून, एकेक नग मोजून, सही घेऊन देतो. त्या सोन्याहून एका विधवेच्या दारिद्र्याची हकीकत कमी मोलाची का मानावी?

कोणी म्हणेल, मग त्या सदोष प्लगइनच्या कर्त्याचा दोष नाही काय? चोराचा नाही काय? आहेच. परंतु दोष ही काही दहा जणांत वाटल्याने प्रत्येकाच्या वाट्यास दहावा हिस्सा येणारी वस्तू नव्हे. चोराचा दोष पुरता चोराचा, आणि राखणदाराचा पुरता राखणदाराचा. शिवाय त्या कर्त्याने आपले काम केले होते: चूक कळताच दुरुस्त केली, प्रसिद्ध केली, आणि आमच्या दाराशी चौदाचा आकडा लटकावून तो गेला. चूक होणे हे मनुष्याच्या कर्तृत्वाचेच अंग आहे. आठ महिने ती न पाहणे हे नव्हे.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे, नाहीतर नित्यकर्माची नुसती कवाईत होईल. जी दुरुस्ती येईल ती डोळे मिटून घ्यावी काय? २०१७ साली दोन लाखांवर संकेतस्थळांत वापरले जाणारे एक प्लगइन त्याच्या मूळ कर्त्याने विकले. नव्या मालकाने सुधारित आवृत्तीच्या नावाखाली त्यात आपली चोरवाट घातली. ज्यांनी तत्परतेने ती आवृत्ती बसविली त्यांनीच चोरास आत घेतले. मार्च २०२४ मधील प्रसंग त्याहून विचार करावयास लावणारा आहे. एक्सझेड नावाचे एक साधे साधन जगातील असंख्य संगणकांत वापरले जाते आणि ते मुख्यतः एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळीत होता. तो थकला होता. जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस होऊन त्याचा विश्वास संपादन केला आणि शेवटी नव्या आवृत्तीत चोरवाट पेरली. ती उघडकीस आली ती आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याच्या चौकस दृष्टीमुळे. संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्याच्या ध्यानी आले होते. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने सोडले नाही.

ह्या दोन प्रसंगांवरून, सुधारणा घेऊच नयेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे कधीतरी भेसळ निघते म्हणून अन्नच वर्ज्य करण्यासारखे होईल. जुन्या फटीतून होणारी हानी नित्याची आहे. अशा विश्वासघाताचे प्रसंग विरळा. परंतु त्यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, नित्यकर्म विवेकाने करावे: प्लगइनचा कर्ता कोण, मालकी बदलली काय, कर्ता अद्याप त्याची काळजी घेतो काय, हे पाहावे. दुसरी अधिक अवघड आहे. ज्यांच्या श्रमांवर आपण फुकट राहतो त्यांच्या थकव्याची आपण कधी विचारपूस केली काय? २०१४ साली हार्टब्लीड नावाची प्रसिद्ध फट उघड झाली तेव्हा लोकांस कळले की, जगातील मोठमोठ्या बँका आणि व्यापारी ज्या ओपनएसएसएल सामग्रीवर विसंबून होते तिला वर्षाकाठी मिळणारी देणगी जेमतेम दोन हजार डॉलर होती. आपली कृतघ्नता हीदेखील एक फटच आहे, आणि तिला कोणी दुरुस्ती पाठवीत नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे आणि ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. त्या दूरध्वनींच्या चार महिने आधी, आमच्याकडे अर्ज केलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संस्थेस पत्र लिहिले होते. आपला अर्ज पाहताना शेजारचा दुसऱ्याचा अर्जही उघडतो असे दिसते, तरी कृपया लक्ष घालावे, एवढाच मजकूर होता. ते पत्र बैठकीच्या शेवटी, इतर विषयांत, वाचले गेले. एक सभासद म्हणाले, "ह्याला दुसऱ्याच्या अर्जात डोकावण्याचे कारण काय?" दुसऱ्यांनी पोलिसांचे नाव काढले. कोणी उत्तर पाठविले नाही. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याची म्हण आपण मुलांस शिकवितो. ती आपल्या बैठकीत खरी होत असताना आम्ही चहा घेत होतो.

त्या वेळी रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आमच्यापैकी एकालाही आठवू नये, ह्याचे आज नवल वाटते. संध्याकाळी गडाचे दरवाजे मिटले. घरी तान्हे मूल. म्हणून ती गवळण जेथून मुंगीही उतरणार नाही असे सर्व समजत होते त्या कड्यावरून रात्री उतरून गेली. ही गोष्ट महाराजांच्या कानी आली तेव्हा त्यांनी आज्ञा मोडली म्हणून तिला शासन केले नाही. तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला. आख्यायिकेचा पहिला भाग आपण मातृप्रेमाचा म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या भागात राज्यकारभाराचा एक संपूर्ण धडा आहे. जेथून एक आई उतरते तेथून शत्रू चढू शकतो. ज्याने ही वाट दाखविली तो उपकारकर्ता आहे, आणि त्याच्या उपकाराची फेड केवळ वस्त्रालंकारांनी होत नाही, बुरूज बांधल्याने होते. आम्ही सन्मानही केला नाही आणि बुरूजही बांधला नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगितले पाहिजे; कारण ज्या विचाराचा शेवट एखाद्या साध्या कामात होत नाही त्यावर आमचा फारसा विश्वास राहिलेला नाही. सर्वप्रथम आम्ही प्लगइनची यादी केली. ती एकवीस निघाली, आणि त्यांपैकी नऊ कशासाठी आहेत हे कोणासही सांगता येईना. ती नऊ काढून टाकली. नुसती बंद करून ठेवली नाहीत, कारण बंद केलेल्या प्लगइनच्या फायली तेथेच राहतात आणि काही फटी तशाही उपयोगात आणता येतात. उरलेल्या बारांची नोंद वहीत केली: नाव, काम, कर्ता, शेवटची सुधारणा केव्हाची. त्यांपैकी दोन भांडारातून केव्हाच काढून टाकलेली आढळली. अशा प्लगइनला नवी आवृत्ती येत नाही, म्हणून त्याच्यापुढे आकडाही उमटत नाही. ते निरोगी दिसते आणि तेच सर्वांत धोक्याचे असते. आकडा नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे, हे आम्ही त्यावरून शिकलो. म्हणून आता उघड झालेल्या फटींच्या ज्या सार्वजनिक याद्या प्रसिद्ध होतात त्यांतही आमच्या प्लगइनची नावे शोधून पाहतो. प्रत्येक फटीस क्रमांक देऊन नोंदण्याची पद्धत १९९९ पासून चालू आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण तेथे नोंदवहीच्या रूपाने मांडलेली आहे; आपण मात्र मागून येऊनही तीच ठेच खातो, कारण वही उघडीत नाही.

दर सोमवारी हे काम होते. आधी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून निराळ्या जागी ठेवावयाची, मग दुरुस्त्या बसवावयाच्या, मग अर्जाचे पान स्वतः उघडून पाहावयाचे. गंभीर फटीची वार्ता आली तर सोमवारची वाट पाहावयाची नाही. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या आपोआप बसाव्यात अशी सोयही २०२० पासून वर्डप्रेसमध्ये प्लगइनसाठी आहे आणि ती आम्ही घेतली आहे. परंतु तिने माणसाची जागा भरून निघत नाही. समईत तेल आपोआप पडेल अशी युक्ती केली तरी वात जळते आहे की नाही हे कोणीतरी पाहावेच लागते. वहीत प्रत्येक सोमवारपुढे एका माणसाची सही असते, आणि तो परगावी गेला तर कोणी करावे त्याचेही नाव लिहिलेले असते. ज्यांचे अर्ज निकालात निघाले त्यांची माहिती आता आम्ही ठेवीत नाही. जी ठेव परत करता येते ती जवळ बाळगण्यात भूषण नाही.

त्या मातेचे पैसे संस्थेने भरून दिले, आणि ज्यांचे अर्ज उघडे पडले होते त्या प्रत्येक घरी खरी हकीकत पत्राने कळविली. काही सभासदांचा ह्यास विरोध होता; संस्थेची बेअब्रू होईल असे ते म्हणत. झालीही थोडी. त्या विद्यार्थ्यासही पत्र गेले. त्याने उत्तरी लिहिले की, आणखी एक गोष्ट त्याच्या पाहण्यात आली आहे, सवड झाल्यास कळवावे. त्याला आम्ही पुढच्या सोमवारी बोलावून घेतले.

परवा वही चाळताना आमच्या ध्यानी आले की, गेल्या कित्येक सोमवारांपुढे शेऱ्याच्या रकान्यात "विशेष काही नाही" एवढेच लिहिलेले आहे. "आम्ही काहीच केले नाही" ह्या वाक्याशी ह्या शब्दांचे किती साम्य आहे! तरी पण त्या शेऱ्यांमागे प्रत्येक सोमवारी कोणीतरी अर्धा तास बसलेले असते. त्या मातेने विचारलेल्या प्रश्नास आमच्यापाशी अजूनही उत्तर नाही. जे गेले ते परत येत नाही. परंतु तिची धाकटी मुलगी यंदा अर्ज करणार आहे असे कळते. तिची माहिती आम्ही मागणार आहोत. ती मागण्याचा अधिकार आपल्यास आहे की नाही, हे दर सोमवारी नव्याने ठरते, अशी आमची समजूत झाली आहे.